सटवाईच्या तळ्यातले ताम्हाणे

रविवार, १६ नोव्हेंबर १९५८. सकाळी ७

डायरी गेल्या वर्षीची आहे. कोरी राहिली म्हणून टाकून द्यायची नाही. छापलेला वार खोडायचा आणि खरा वार लिहायचा. नियमित माणसाला यात जड काही नाही.

ठराव: रोज पाचला उठणे. रोज डायरी लिहिणे. संक्रांतीच्या आत सटवाईचं तळं विलायती माशांपासून मोकळं करणे.

तिसऱ्या ठरावाची हकीकत अशी. दोन वर्षांपूर्वी तळे सुधार कमिटीचा चिटणीस या नात्याने मी तो मासा मागवला. डबे भरून पिल्लं आली, हार घालून सोडली. सोबतच्या कागदावर त्याचे गुण छापले होते: लवकर वाढतो, काहीही खातो, कसल्याही पाण्यात जगतो. सगळे गुण खरे निघाले. त्याने आधी कमळांची मुळं खाल्ली, मग तळाचा चिखल उकरून काढला, मग गावठी मासे दिसेनासे झाले. पाणी आता चहासारखं दिसतं. तो डासांची अंडीही खातो असं लिहिलं होतं. डास आहेत.

बायका धुणं घेऊन येतात आणि तशाच परत जातात. देवीला कमळ मिळत नाही. काल कमिटीच्या बैठकीत हे सगळं माझ्याकडे बघून बोलण्यात आलं. मी उभा राहून सांगितलं की संक्रांतीच्या बैठकीआधी एकूण एक मासा मी स्वतः काढीन. मिनिट्समध्ये तशी नोंद झाली. मिनिट्स मीच लिहितो.

जाळं टाकता येत नाही. देवीच्या तळ्यात जाळं टाकू नये, हा कमिटीचा नियम सात. तोही मीच लिहिलेला. गळाबद्दल नियमात काही नाही.

संध्याकाळी

उत्तरा, आमची धाकटी, पावसाळ्यापासून खोकते आहे. वय वीस. संध्याकाळी अंग जरा गरम लागतं. खाडीची दमट हवा, दुसरं काय. सौ.ला मात्र धीर नाही. तिने नवस बोलला आहे: रोज एकशे आठ चिठ्ठ्यांवर रामनाम लिहायचं, एकेक चिठ्ठी कणकेच्या गोळीत घालायची, आणि त्या गोळ्या तळ्यातल्या माशांना घालायच्या. थेट संक्रांतीपर्यंत. नाव उत्तराने स्वतःच्या हाताने लिहायचं, कणीक सौ. मळणार. टाकायचं काम माझ्याकडे. मी हो म्हटलं. नाहीतरी तळ्यावर जायचंच आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

डॉ. दिघे येऊन गेले. उत्तराच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत होते. मग मला ओसरीवर नेऊन एक्स-रे काढून घ्या म्हणाले आणि चिठ्ठी लिहून दिली. उशीर करू नका असं दोनदा म्हणाले. डॉक्टर लोकांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय असते. पौष्टिक खायला घाला, दूध, अंडी, मासे, असंही म्हणाले. ते लगेच पटलं. तळ्यात मासे आहेत, ते काढायचेच आहेत, आणि इकडे मुलीला मासे हवे आहेत. याहून सोपं काय असतं?

एक्स-रेची चिठ्ठी याच पानात ठेवली आहे, म्हणजे विसरणार नाही. मात्र घाई करणार नाही. डोंबिवलीच्या मोकाशींकडून उत्तरासाठी विचारणा आली आहे. मुलगा एकुलता, नोकरीत कायम. एक्स-रेच्या रांगेत कुणी ओळखीचं भेटलं की आठ दिवसांत आमच्या सगळ्या ज्ञातीत बोभाटा. बघण्याचा कार्यक्रम झाला की दुसऱ्याच दिवशी काढू.

गुरुवार, २० नोव्हेंबर

किरकोळ रजा टाकली. बांबूची काठी, दोरी, शिसं, बाटलीचं बूच, सहा गळ. ग्रंथालयातून कुणा निवृत्त गोऱ्या साहेबाचं गळाने मासे धरण्यावरचं पुस्तक आणलं आहे. साहेब म्हणतो, धीर हेच खरं आमिष. पुस्तक चांगलं आहे.

सकाळी सहा ते अकरा बसलो. गांडुळं लावली. एक गळ शेवाळात, एक स्वतःच्या कोटात, एक देवळाच्या पायरीला. मासे समोर उड्या मारत होते.

कट्ट्यावर पेन्शनर मंडळी बसलेली असतात. त्यांच्या बोलण्यावरून आज कळलं की गावात या माशाला ‘ताम्हाणे’ म्हणतात. ‘सकाळी दोन ताम्हाणे वर आले होते, चांगले जाडे होते,’ असं. माझं आडनाव ताम्हाणे आहे. मी ऐकलं नाही असं दाखवलं. सवाशे वर्षांचं ठाण्यातलं घराणं आमचं.

गोळ्या मात्र नीट टाकल्या. एकशे आठ, मोजून.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज सुधीर आला. थोरला. आंबिवलीच्या गिरणीत आहे, तिकडेच खोली घेऊन राहतो, रविवारी येतो. चपला काढायच्या आधीच त्याने एक्स-रेचं काय झालं म्हणून विचारलं. सौ.ने पत्र घातलेलं दिसतं. मी त्याला हवेबद्दल समजावून सांगितलं. आंबिवलीलाही हवाच आहे, असं तो म्हणाला. हल्लीच्या मुलांना बोलायचं कसं ते कळत नाही.

पण आज एक शोध लागला. ताम्हाणे (मीच काय लिहितो आहे!), विलायती मासे गांडुळाला तोंड लावत नाहीत, पण कणकेच्या गोळ्यांवर तुटून पडतात. गोळी पाण्याला लागायच्या आत तोंडं वर. एक तर वीतभर रुंद पाठीचा आहे. उत्तराला सांगितलं तेव्हा ती हसली आणि तिने त्याचं नाव ‘मामलेदार’ ठेवलं. कितीतरी दिवसांनी हसली. हसल्यावर खोकली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

विचार करून ठरवलं. एकशे आठातल्या फक्त पाच गोळ्या गळाला लावायच्या. नमुन्यादाखल. गोळी पाण्यात पडते ती पडतेच, माशाच्या तोंडात जाते ती जातेच. नवसाला कुठे बाध येतो? मासा नाव घेऊन आमच्याकडे आला तर त्याचंही कल्याण.

पाचही गोळ्या गेल्या. गळ रिकामा वर आला, पाच वेळा.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

अडचण लक्षात आली. आत कागद असला की कणीक गळावर टिकत नाही, पाण्यात फुटते. शिवाय आज नीट वाकून पाहिलं. मासा कणीक गिळतो आणि कागद थुंकतो. चिठ्ठ्या पाण्यावर तरंगत काठाला येतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायाखाली जातात. रामाच्या नावाचा हा अपमान मला बघवेना.

म्हणून तळ्याकाठी बसून सगळ्या गोळ्या फोडल्या, चिठ्ठ्या काढून घेतल्या, कणकेत हिंग आणि थोडा कापूस मिसळून पुन्हा मळली. साहेबाच्या पुस्तकात कापसाची युक्ती आहे. चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. संक्रांतीला सगळ्या एकदम खोल पाण्यात, विधिपूर्वक सोडीन. रोज थोडं थोडं थुंकलं जाण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

सौ.ला सांगितलं नाही. या गोष्टी तिला समजावायच्या म्हणजे वेळ जातो.

मंगळवार, २ डिसेंबर

मासा नाही.

घरी आल्यावर उत्तरा रोज विचारते की आज कुणी किती खाल्ल्या. आज मी म्हणालो, मामलेदाराने एकट्याने तीस, बाकीच्यांनी मिळून अठ्ठ्याहत्तर. तिला बरं वाटलं. तिने सौ.ला हाक मारून आकडे सांगितले. मग म्हणाली, “नाना, ते माझं अक्षर वाचून खातात का हो?” मी म्हटलं, वाचल्याशिवाय मामलेदार कशावरही सही करत नाही.

हे खोटं नाही. करमणूक आहे.

रविवार, ७ डिसेंबर

मोकाशी पुढच्या रविवारी उत्तराला बघायला येतो म्हणतात. मी त्यांना कळवलं की पंचमीपर्यंत आमच्याकडे अडचण आहे. उत्तराचे गाल जरा भरले की बोलावू. त्यासाठीच मासा हवा आहे.

सुधीर पुन्हा एक्स-रेवर आला. आवाज चढवला. मी या महिन्यात रजा शिल्लक नाही म्हणालो. तो म्हणाला, मग सोमवारी आणि शुक्रवारी तळ्यावर कुठल्या रजेवर होतात? कट्ट्यावरच्या मंडळींनी सांगितलेलं दिसतं. लोकांना दुसऱ्याच्या घरात फार रस असतो.

सुधीर जाताना आईशी आत बराच वेळ कुजबुजत होता. मी दाराशी उभा नव्हतो, पण ऐकू आलं नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर. रात्री १०

उत्तराच्या रुमालावर लाल डाग. सौ. रडायला लागली. मी म्हटलं, विडा खाल्ला असेल. उत्तरा विडा खात नाही, असं सौ. म्हणाली. दिवाळीत खाल्ला होता, मला नक्की आठवतं.

डाग सौ.ने धुतला. जात नव्हता.

आज डॉ. दिघ्यांकडे जायचं ठरवलं होतं. तळ्यावरून जाताना पाण्याकडे पाहिलं तर मामलेदार अगदी काठाशी. दहा मिनिटं म्हणून बसलो. दवाखाना बंद झाल्यावर उठलो.

गुरुवार, १८ डिसेंबर

मार्गशीर्षातला गुरुवार. घरात मासे शिजत नाहीत, आणि आजच एक लहानसा गळाला लागला. हातभर वर आला आणि सुटला. एका अर्थी बरंच झालं. लागला असता तर सोडावाच लागला असता, म्हणजे मीच सोडला असं समजायला हरकत नाही. नोंद: पहिला मासा जवळजवळ धरला.

कोलशेतची कोळीण आवडाबाई माशांची पाटी घेऊन जाते ती आज पाटी रिकामी करून परत चालली होती. बराच वेळ माझ्यामागे उभी राहिली. मी तिला मासा उत्तरासाठी हवा आहे हे सांगितलं. ती म्हणाली, “भाऊ, यो मासा नाय, यो चिखल हाय. पोरीला खाडीचा जिताडा घाला, बोयटं घाला, मी उद्या आणून देतंय. आन् डाक्टरकडं न्या. मना दिसली ना ती खिडकीत. माझी नीला अशीच बसायची.”

तिची नीला कोण, मी विचारलं नाही. या बायकांना कशातही अशुभ दिसतं. शिवाय विकत आणलेल्या माशात ती ताकद नसते. स्वतः धरलेला मासा वेगळा.

रविवार, २१ डिसेंबर

उत्तराला वर उचलून बसवावं लागलं. कापसासारखी हलकी लागली. थंडीत वजन उतरतं.

चिठ्ठ्या आज नव्वदच झाल्या. हात दुखतो म्हणाली. सौ. म्हणाली, मी लिहिते उरलेल्या. उत्तराने लिहू दिल्या नाहीत. नवस माझ्या अक्षराचा आहे, नाहीतर मामलेदार परत पाठवतील, म्हणाली. उरलेल्या अठरा तिने दिवेलागणीनंतर पुऱ्या केल्या.

शनिवार, २७ डिसेंबर

डब्यात चिठ्ठ्या ठेवताना सहज पाहिलं. खालच्या थरातलं अक्षर गोल आणि ठसठशीत आहे. वरच्या थरातलं बारीक झालं आहे. ‘रा’चा काना वाकडा पडतो, ‘म’ कधी कधी अर्धाच. टाक खराब असणार. उद्या नवा टाक आणतो.

साहेब म्हणतो, मासा हुशार असेल तर दोन दिवस त्याला काही घालू नये. भूक लागू द्यावी. दोन दिवस कणीक टाकली नाही. कोटाच्या खिशात वाळून दगड झाली. उत्तराला मामलेदार पस्तीसवर गेला असं सांगितलं.

गुरुवार, १ जानेवारी १९५९

डायरीची पानं काल संपली. सुरुवातीची जानेवारीची पानं कोरीच आहेत, आता त्यांवर लिहितो. आता वार दोन घरं पुढे सरकतो.

जुनी पानं उलटताना १८ नोव्हेंबरला डॉ. दिघ्यांची चिठ्ठी सापडली. बरोबर तिथेच होती. माझी पद्धत चोख आहे.

नवे ठराव: सोमवारी एक्स-रे. नक्की. मोकाशींना काय वाटायचं ते वाटो. मात्र त्याआधी मामलेदार. रविवारी शेवटचं बसणार. तोवर तीन दिवस त्याला उपाशी ठेवतो, मग सुटणार नाही. रविवारी रात्री उत्तरा कढी-भात आणि मासा खाईल, सोमवारी अंगात ताकद असेल, एक्स-रेला उभी राहील. सगळं क्रमाने.

रविवार, ४ जानेवारी. दुपारी २

धरला. सात रत्तल असावा, जास्तच. सव्वा तास झगडलो. काठी मोडली, दोरी हाताला कापली, गुडघ्यापर्यंत चिखलात गेलो. कट्ट्यावरची मंडळी उठून उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, ताम्हाण्यांनी ताम्हाणे धरला. म्हणू देत.

ओल्या पोत्यात घालून घरी आणला. वाटेत दोघांनी थांबवून पाहिला. किती दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. दाराशी पोचायच्या आधीच हाका मारत होतो, उत्तरा, बघ कोण आलंय.

दाराला कुलूप.

किल्ली शेजारी ठेवली होती. सुधीर सकाळी गाडी घेऊन आला होता, असं शेजारच्या सुमेधाने सांगितलं. त्याने आणि सौ.ने मिळून उत्तराला उचलून गाडीत घातलं. सौ.ही गेली. मुंबईला, मोठ्या इस्पितळात. माझ्यासाठी निरोप काय, असं विचारलं. निरोप काही नाही म्हणाली.

मासा मोरीत ठेवला आहे. अजून तोंड उघडझाप करतो आहे. पाण्याबाहेर इतका वेळ जगेल असं कुठल्याच कागदात लिहिलेलं नव्हतं.

सोमवार, ५ जानेवारी

काल संध्याकाळी मीच साफ केला. पोटात हिंगाची कणीक आणि कापूस. दुसरं काही नव्हतं.

मीच शिजवला. सौ.च्या पद्धतीने, आलं-लसूण, चिंचेचा कोळ. आवडाबाई म्हणाली ते खरं आहे. चिखलाची चव. टाकून द्यायचा म्हणजे सात रत्तल, म्हणून खाल्ला, दोन्ही वेळ.

एक्स-रे आज तिकडे काढला असेल. म्हणजे सोमवारचा ठराव पाळला गेला.

रविवार, ११ जानेवारी

इस्पितळात गेलो. दोन्ही फुप्फुसं, असं तिथला डॉक्टर म्हणाला. इंजेक्शनं चालू आहेत. दोन महिने आधी आणायला हवी होती, असं तो सुधीरला सांगत होता. मी शेजारीच उभा होतो. सुधीरने माझी ओळख करून दिली नाही.

उत्तराच्या उशाखाली कागदाची थप्पी. इथेही लिहिते. दिवसाला वीसपंचवीस होतात, नर्स रागावते म्हणाली. मागच्या सहा दिवसांच्या चिठ्ठ्या पुडीत बांधून माझ्याकडे दिल्या. कणीक तुम्हीच मळा म्हणाली. मग विचारलं, “नाना, मामलेदार येतात का अजून?”

येतात म्हणालो. चाळीसवर गेलेत, आता राजीनामा देतील इतकं पोट वाढलंय.

तिला हसायचं होतं पण सौ.ने तोंडावर हात ठेवला, खोकला येऊ नये म्हणून. संक्रांतीला नवस पुरा होईल, असं उत्तरा मग पुटपुटली. त्या दिवशी तळ्यावरून इकडे येऊन कसा पुरा झाला ते सांगा, असंही.

सांगतो म्हटलं. चिठ्ठ्यांची पुडी घरी आल्यावर डब्यात ठेवली.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

बेत असा होता: पहाटे डबा घेऊन तळ्यावर जायचं, सगळ्या चिठ्ठ्या खोल पाण्यात सोडायच्या, तिथून थेट इस्पितळ. परंतु नऊला कमिटीची बैठक होती आणि तिची तारीख माझ्याच सहीने गेली होती. चिटणीसच गैरहजर म्हणजे बरं दिसलं नसतं.

बैठक दीडपर्यंत चालली. पाण्याचा रंग, कमळं, धुण्याचे दगड. मिनिट्समध्ये लिहिलं: ‘चिटणिसांनी सात रत्तलांचा एक मासा काढला.’ ‘एक’ या शब्दावर पुष्कळ चर्चा झाली. शेवटी नियम सात रद्द करण्यात आला. कळव्याहून कोळी बोलावून जाळं टाकणार आहेत. नवा चिटणीस नेमला.

इस्पितळात भेटायची वेळ चार ते सहा. मिनिट्स साफ लिहून नव्या चिटणिसाच्या हवाली करेपर्यंत पाच वाजले. उद्या जाईन. तिळगूळ घेऊन जाईन.

शुक्रवार, १६ जानेवारी

उत्तरा सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गेली.

मी पोचलो तेव्हा नेलेली होती. काल कचेरीत कामाचा खोळंबा होता.

शनिवार, १७ जानेवारी

काही नाही.

बुधवार, २८ जानेवारी

तेरावं झालं. माणसं गेली. मोकाशींचं पत्र आलं होतं, दुखवट्याचं. चांगलं लिहिलं आहे.

सुधीर आईला आंबिवलीला चल म्हणत होता. सौ. नाही म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण नाही म्हणाली.

संध्याकाळी सौ.ने विचारलं, नवसाच्या गोळ्या सगळ्या गेल्या ना तळ्यात? मी हो म्हटलं. ती म्हणाली, एवढं एक तरी तिच्या मनासारखं झालं.

उद्या पहाटे डबा रिकामा करून येतो. म्हणजे मी बोललो ते खरं होईल.

रविवार, १ फेब्रुवारी

गेले तीन दिवस सर्दी होती.

आज सौ. उत्तराचे कपडे आवरत होती. ट्रंक ठेवायला कपाटाचा खालचा खण रिकामा केला तेव्हा डबा मिळाला. बिस्किटं असतील म्हणून उघडला. मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होतो. आतून कागदांची सळसळ ऐकू आली.

आत गेलो. जमिनीवर बसून तिने चिठ्ठ्या पदरात ओतल्या होत्या. चार हजारांच्या पुढे भरतील. एकेक उलगडून पाहत होती. कणीक लागलेली नखाने खरवडत होती.

मी सांगायला लागलो, मासे कागद थुंकतात, नावाचा अपमान होतो, संक्रांतीला विधिपूर्वक सोडणार होतो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “आणि तिला रोज काय सांगत होतात?”

मी सांगितलं. तीस, पस्तीस, चाळीस. मामलेदार धरला तेही सांगितलं, आणि तो मी दोन दिवस खाल्ला तेही. का सांगितलं, माहीत नाही. विचारलं नव्हतं.

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, म्हणजे मग मलाही रडता आलं असतं. मी म्हटलं, दे डबा, आत्ताच सोडून येतो, अजून उजेड आहे.

ती म्हणाली, “आता सोडू नका. तिचं अक्षर आहे ते.”

मग एकेक थर पूर्वीसारखा लावून डबा बंद केला आणि स्वतःच्या उशाशी ठेवला.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

ठराव: उद्यापासून रोज एकशे आठ गोळ्या, न चुकता, न फोडता. राहिलेले सगळे दिवस भरून काढायचे. गळ टाकून द्यायचे, साहेबाचं पुस्तक ग्रंथालयात परत.

सौ.ला विचारलं, चिठ्ठ्या लिहिशील का. नाही म्हणाली. मीच लिहायला बसलो. तीस वर्षं कचेरीत लिहितो आहे, माझ्या अक्षराची वाखाणणी होते. तीन लिहिल्या. त्या तीन नोटिसांसारख्या दिसल्या. चौथी लिहिता येईना. आम्ही दोघं तसेच टेबलाशी राहिलो, टाक आणि मी.

बुधवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ८

कणीक मी मळली. पाणी जास्त झालं. एकशे आठ केल्या, मोजून, आत काही न घालता.

कळव्याचे कोळी परवा जाळं टाकणार आहेत. तोवर तळं तसंच आहे, पाणी तसंच. कट्ट्यावरची मंडळी बसलेली होतीच. आज ताम्हाणे हा शब्द कुणी काढला नाही.

पायरीवर बसून एकेक टाकली. मासे आले. सगळ्या खाल्ल्या.